पिवळा रंग आणि वारंगे मॅडम

रोह्याच्या आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये वारंगे मॅडम बरणीत कागद टांगून बसल्या की भिंतीवरची पालसुद्धा चुकचुकायची थांबायची. खोटं वाटत असेल तर त्या पालीला विचारा. बरणीतलं द्रावण कागदावर चढायचं आणि खाली दिलेल्या नमुन्याच्या ठिपक्यातल्या धातूंना सोबत न्यायचं. तांबं एका उंचीवर थांबायचं, निकेल दुसऱ्या. मी झाकणाला हात लावला की मॅडम म्हणायच्या, "सुर्वे, चढतंय ते. तुम्ही कशाला धापा टाकताय?"

एकदा मी त्यांना पेणला माझ्या भावाच्या गणपतीच्या कारखान्यात नेलं. तिथे मंदावहिनी डोळे, दागिने, पितांबराचे काठ आखते. तिने आखलेला उंदीर गिऱ्हाइकाला डोळा मारतो! ब्रश रंगात बुडवायचा, ओठांत धरून टोक काढायचं, मग आखायचं. तिची आईही असंच करायची. मॅडमचं गणपतीकडे लक्षच नव्हतं. वहिनीच्या पिवळ्या ओठांकडे बघत होत्या, मग पोटाकडे. तिला दिवस गेले होते.

"हा पिवळा कुठला गो?"

"सुटा आणलाय. लय झळकतो, मॅडम."

चिमूटभर रंग रोह्याला आला. त्याच्या ठिपक्याशेजारी मॅडमनी शिशाचा ठिपका दिला. द्रावण चढलं, कागद वाळला, डाग दिसावेत म्हणून सल्फाइडचा फवारा मारला. सडक्या अंड्यांचा असा भपकारा सुटला की रोह्याचे कावळे नागोठण्याला राहायला गेले. कागदावर एकाच उंचीवर दोन काळपट डाग उमटले.

"शिसंच आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

त्या वहिनीला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. भावाने डबा फेकला. वहिनी मात्र हटेना. "डबा गेला ना? ओठ लावल्याबिगर टोक येत नाय, मॅडम."

"आणि पुढच्या डब्यात काय असेल, कुणी बघितलंय? मी बसते समोर."

ड्यूटी सुटली की मॅडम गाडीने पेणला. मांडीवर ओलं फडकं घेऊन समोरच्या स्टुलावर बसायच्या. ब्रश ओठांकडे निघाला की "मंदा!" अशी आरोळी, की धरमतरच्या खाडीतल्या बार्जवाल्यांनी भोंगा समजून नांगर उचलावा.

"सासू परवडली गो बाय!" म्हणत वहिनी फडक्यावर टोक काढायची. हंगाम संपला. मुलगी झाली, ठणठणीत.

यंदा मॅडम वारल्या. परवा मी कारखान्यात बसलो होतो. आखता आखता वहिनीचा ब्रश सवयीने वर गेला आणि ओठांजवळ थबकला. तिने समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं.

"ओरडा की," ती म्हणाली.