देशसेवेची थाप

बेचाळीसच्या भूमिगतांना गाडीतून नेलं, म्हणून आमच्या मालकांनी एका ड्रायव्हरला हाकललं होतं. स्वातंत्र्यानंतर तो मालकांच्या साताऱ्याच्या कचेरीत शिफारसपत्र मागायला आला. त्याशिवाय त्याला सांगलीत ड्रायव्हरची नोकरी मिळणार नव्हती. मी तिथे नवा कारकून होतो. बोलताना त्याचा डावा हात गिअर टाकल्यासारखा हलायचा.

मालकांनी मला मजकूर सांगितला, ‘आमच्याच सांगण्यावरून याने देशसेवा केली.’

तो उसळला, ‘आवं मालक, तवा चोरागत हाकललंसा की! गाडी चांगली चालवतो, एवढंच लिवा.’

‘हेच मिळेल.’

‘मग ऱ्हाऊ द्या. असल्या थापेवर मला नोकरी नगं.’

तो रिकाम्या हातांनी गेला. मालकांनी मात्र त्याच थापेवर जन्मभर सत्कार घेतले. भाषणं मीच लिहून दिली. हरामखोरी आम्हा दोघांची होती. मी तर त्या माणसाचं नावही विचारलं नाही.