दत्ताची सौरपट्टी

माझा मित्र दत्ता गेल्याचं सुमनवहिनींनी, त्याच्या बायकोनं, पलूसच्या एसटीडी बूथवरून कळवलं तेव्हा मी साताऱ्यात पेपर तपासत होतो. "बरं," एवढंच म्हणालो आणि पुढचा पेपर ओढला... दीड महिना झाला. थकवा काही जात नाही.

दत्ताचं पलूसला मोटारसायकलच्या सुट्या भागांना रसायनाच्या टाकीत बुडवून निकेल चढवायचं वर्कशॉप. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा. सौरपट्ट्यांना परदेशात भलीमोठी निर्वात यंत्रं लागतात, असं एकदा बोलून गेलो, तर म्हणाला, "आन् माजी टाकी काय म्हशीला पानी पाजाय हाय व्हय रं?" त्याच टाकीत, कागदासारख्या पातळ पोलादी पत्र्यावर त्यानं उन्हाची वीज करणारा थर चढवायला घेतला. चार वर्षं नुसते पत्रे वाया! माण तालुक्यातल्या मेंढपाळांना गुंडाळून घोड्यावर टाकता येईल अशी पट्टी त्याला हवी होती; काचेची पहिल्याच घाटात फुटेल, म्हणायचा. अखेर एका दिव्यापुरती वीज निघाली. वरून प्लास्टिक चढवलं ते गुणपत्रिका लॅमिनेट करायच्या यंत्रातून. "कडा टिकतील ना रं?" त्यानं विचारलं. कडांतून ओल शिरली की थर मरतो, हे मला ठाऊक होतं. पण कंटाळलो होतो हो. "टिकतील, चल पुढं," म्हणालो.

माणातल्या दहिवडीच्या कोरड्या हवेत सगळा उन्हाळा पट्टी झकास चालली. आम्ही पेढे वाटले! दिवाळीनंतर म्हाकूबाबा धनगर ती घेऊन मेंढरांसह कोकणात उतरले, आणि तिथल्या दवानं आठ दिवसांत दिवा बंद. दत्ता त्यावर मला अवाक्षर बोलला नाही. मी पलूसला जाणंच कमी केलं. भ्याडपणा, दुसरं काय!

परवा वहिनींना भेटायला गेलो तर म्हाकूबाबा आलेले. "लय कळवळ्याचा मानूस," ते म्हणाले. "म्या इचारलं, कुनाचं चुकलं? तर म्हनला, मास्तरनं कडांचं सांगितलं व्हतं बाबा, मीच घाई क्येली."

"नाही बाबा," मी म्हणालो, "मी सांगितलं नव्हतं."

"ठाव हाय मला, भावजी," वहिनी म्हणाल्या आणि मला आत घेऊन गेल्या. खिडकीत एक पट्टी, कडांना डांबर ओढलेलं, शेजारी मीटर. "दोन पावसाळं टिकली. रोज सकाळी पुसायचे, काटा बघायचे, मगच च्या. म्या म्हनायची, भावजींना बोलवा की. तर म्हनायचे, ऱ्हाऊ दे, दमला असंल त्यो."

पट्टीवर दीड महिन्याची धूळ होती. मी रुमाल काढून पुसली. काटा जरासा वर सरकला.