बोरी अरबची सोया अंडी आणि मधला गुरुवार

माझ्या ब्लॉगवर लोक सहसा दोनच गोष्टी लिहितात, "छान" आणि "मीठ किती?" त्यामुळे कोरियन सोया अंड्यांच्या पाककृतीखाली आलेली ओळ वाचून मी दोन दिवस फणफणत होते. "ताई, तुमची अंडी दोनदा केली. दोन्ही वेळा इतकी खारट झाली की फेकावी लागली. आता शेवटची संधी आहे." लिहिणारी संगीता, बोरी अरब, जिल्हा यवतमाळ.

शेवटची संधी म्हणजे काय, हे विचारायला फोन केला. संगीताची मुलगी पायल एकोणीस वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करते आणि महिन्याभरापूर्वी धावताना मैदानावर चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी अंडी सांगितली, पण उकडलेल्या अंड्याच्या वासानं तिला मळमळतं. मग कोरियन मालिका पाहता पाहता तिनंच ही सोयात मुरवलेली अंडी शोधून काढली. संगीताच्या सासूबाई कट्टर शाकाहारी. नातीसाठी त्यांनी अंगणात अंड्यांची वेगळी चूल मांडू दिली, पण दोनदा डबा उकिरड्यावर गेल्यावर सांगून टाकलं, की तिसऱ्यांदा वाया गेलं तर चूल मोडायची.

माझ्याकडे ही अंडी शंभर वेळा जमली आहेत. तिथे का फसतात, हा प्रश्न मला झोपू देईना. फोनवर सगळं विचारून झालं आणि काहीच चुकीचं सापडेना, तेव्हा मी बॅग भरली.

बुधवार

पुण्याहून मंगळवारी रात्रीची स्लीपर बस घेतली. सकाळी यवतमाळला उतरले. स्टँडसमोर तर्री पोहे खा, पण तर्री वेगळी मागा, नाहीतर दिवसभर पाणी पीत बसाल. तिथून दारव्ह्याकडे जाणारी एसटी बोरी अरबला थांबते. तासाभराचा रस्ता आहे, डाव्या खिडकीत ऊन येतं.

बोंडअळीचं वर्ष होतं. डिसेंबर संपायच्या आत शेतंच्या शेतं उपटलेली, बांधावर पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, डोंगर. काही ठिकाणी झाडं अजून उभी होती आणि त्यांवर न उमललेली काळी बोंडं. मी उगाच फोटो काढायला फोन वर केला आणि परत ठेवला.

संगीता माझ्याच वयाची निघाली, चाळिशीची. पायल उंच, हडकुळी, कानात सतत कोरियन गाणी. सासूबाईंना मी मावशी म्हणू लागले. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "इतक्या दूरून फक्त अंडे उकडाले आली का व तू?"

मी हो म्हटलं. त्यांनी संगीताला चहा टाकायला सांगितला.

अंगणातली चूल पऱ्हाटीवर पेटते. भप्पकन पेटते आणि तशीच बसते, त्यामुळे मला वाटलं, चोर सापडला. पण संगीता पाणी खळखळल्यावरच अंडी सोडत होती, घड्याळ लावून साडेसहा मिनिटं. नंतर शेजारच्या रेहाना भाभींकडून बर्फ आला. सोया सॉस दारव्ह्याच्या चायनीज गाडीवाल्याकडून आणलेला, चाखला तर ठीक होता. अर्धी वाटी सॉस, अर्धी वाटी पाणी, दोन चमचे गूळ, लसूण, हिरवी मिरची, पातीचा कांदा, वर भाजलेले तीळ. सगळं माझ्याच पद्धतीनं. कुठेच चूक नाही, याचा मला राग यायला लागला.

मावशी लांबून बघत होत्या. "हे काळं पाणी आपल्याच सोयाबीनचं होते का?"

"हो. सोयाबीन आंबवून करतात."

"वीस वर्स झाले सोयाबीन पेरून राह्यलो. घरात एक दाना शिजला नाही. मिलवर गेला का गेला." त्यांनी बाटली हातात घेतली नाही, पण वाकून वास घेतला.

संध्याकाळी पाचला अंडी सोयात बुडवली. मावशींच्या फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध असतं, तिथे अंड्याला प्रवेश नाही. म्हणून डबा भिंतीपलीकडे रेहाना भाभींच्या फ्रिजमध्ये ठेवायचा. त्यांचे यजमान मोटारपंप दुरुस्त करतात, आणि अंगणात पंपांमधून वाट काढत स्वयंपाकघरात जावं लागतं. माझा नवा संशय भाभींवर. फ्रिज बंद करत असतील, डब्यात मीठ टाकत असतील, काहीही.

त्यांनी माझ्या मनातलं ओळखलं. "दीदी, डब्बे को मैंने आजतक हात नहीं लगाया. संगीता रखती, संगीताच ले जाती."

फ्रिज बर्फासारखा गार होता. मला स्वतःची थोडी लाज वाटली.

गुरुवार

सकाळी सातला मी दात घासून तयार. "चला, डबा आणू. रात्रभर मुरली, आता खायची."

संगीता म्हणाली, "ताई, आज गुरुवार आहे."

"मग?"

"गुरुवार महाराजांचा. उद्या खाऊ."

मी खाली बसले आणि बोटांवर वार मोजायला लागले. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार महाराजांचा, शनिवार मारुतीचा. या चार वारी घरात अंडं शिजत नाही, खाल्लं जात नाही, आणि डब्यालाही कोणी हात लावत नाही. उरले रविवार, बुधवार, शुक्रवार. बुधवारी केलेली अंडी शुक्रवारी बाहेर निघणार. शुक्रवारची रविवारी. आणि रविवारची थेट बुधवारी, म्हणजे तीन रात्री सोयात. या घराच्या आठवड्यात "रात्रभर" नावाची वेळच नव्हती.

"अगं, तू मला फोनवर सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? लोणचं कसं, जितकं मुरलं तितकं चांगलं. मले वाटलं हेही तसंच."

चूक माझी होती. रात्रभर मुरू द्या, एवढंच लिहून मी मोकळी झाले होते. सकाळी बाहेर काढा, हे लिहायची मला कधी गरजच वाटली नाही, कारण माझ्या घरात सकाळी सातला अंडी शिल्लकच राहत नाहीत. पुण्यात बसून मी किती गोष्टी गृहीत धरते, हे तिथे अंगणात बसून कळलं, आणि बरं वाटलं नाही.

आता अंडी आत्ताच सोयातून काढायला हवी होती. काढणार कोण? संगीतानं सासूकडे पाहिलं. मावशींनी माळ ओढणं थांबवलं.

"रेहानाच्या घरी कोठी गुरवार आहे?" त्या म्हणाल्या. "तिनं काढले तं तिनं काढले. मले काहून विचारता?"

भाभींनी हात धुऊन सहाही अंडी दुसऱ्या डब्यात काढली आणि परत फ्रिजमध्ये ठेवली. "बस इतनीसी बात थी? मेरेको पहले बोलते," त्या म्हणाल्या.

दिवस मोकळा होता, म्हणून मावशींबरोबर कळंबला गेले. यवतमाळला बस बदला, नागपूर रस्त्यावर अर्ध्यापाऊण तासात पोचता. चिंतामणीचं मंदिर पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात आहे. खाली गारवा होता, आणि मावशी किती तरी वेळ हात जोडून उभ्या राहिल्या.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, काय मागितलं?

"पोरीचे पाय." त्या खिडकीबाहेरच्या उपटलेल्या शेतांकडे बघत होत्या. "तिले या कापसाच्या भरवशावर कशी ठेवू मी? आमचं झालं ते झालं. तिनं धावून निघून जावं इथून."

शुक्रवार

पायलनं दोऱ्यानं अंडं कापलं. आत बलक काकवीसारखा, बाहेर बदामी रंग. गरम भातावर ठेवून तिनं एक खाल्लं, दुसरं खाल्लं, मग तिसऱ्याकडे हात नेला. एकदाही तोंड वाकडं झालं नाही. संगीतानं तिच्या ताटात आणखी भात वाढला. मावशी आत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. "खाल्ले का तिनं?" त्यांनी आतूनच विचारलं.

मला रडू आलं, हे कबूल करते. अंड्यावरून रडलेली मी बहुधा पहिलीच ब्लॉगवाली.

घरी

पाककृती बदलली आहे. बारा ते सोळा तासांनी अंडी बाहेर काढा, आणि तुमच्या घरी वार पाळत असतील तर आधी कॅलेंडर बघा. जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा, हवा छान असते. पऱ्हाटीचा धूर कपड्यांना लागतो, माझ्या शालीचा अजून गेलेला नाही.

परवा संगीताचा फोन आला. पायलची मैदानी चाचणी शुक्रवारी सकाळी होती. धाव पूर्ण झाली, चक्कर आली नाही, निकाल लागायचा आहे. मी विचारलं, आदल्या दिवशी गुरुवार, म्हणजे पोरगी नुसत्या वरणभातावर धावली?

"नाही ताई. आमच्या सासूबाईनंच रेहानाकडून डबा आणला. स्वतःच्या हातानं. पायल घाबरली, म्हणे आज गुरुवार आहे, आजी. तं म्हणे, खाय तू. तुह्या वाट्याचा गुरवार मी धरतो."

मावशी दर गुरुवारी उपास करतात आणि दिवेलागणीला सोडतात. त्या गुरुवारी त्यांनी तो सोडलाच नाही. शुक्रवारी पायल धावून आल्यावर जेवायला बसल्या. संगीतानं विचारलं तर म्हणाल्या, एक माहा होता, एक तिचा.