दिग्रस ते नेर, मार्गे दारव्हा

जगात शिस्तीची माणसं पुष्कळ असतील, पण सख्ख्या बायकोला उणीपुरी तीस वर्षं ‘पास दाखवा’ म्हणणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून म्हणून लागलो तेव्हा मी त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. ते एसटीतून कंडक्टर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते, म्हणजे निदान कागदोपत्री तसं होतं. सारी गल्ली त्यांना कंडक्टर काकाजी म्हणायची. लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांची गर्दी झाली की हा माणूस कोणी न सांगता दारात उभा राहून ‘पुढं सरका, मधात थांबू नका’ सुरू करायचा. कोणाच्या घरी गेले तरी आधी आतली माणसं बाहेर पडू द्यायचे, मग स्वतः आत शिरायचे, आणि आतल्यांना बाहेर पडायचंच नसेल तर ताटकळत उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. माझ्या खोलीत एकदा गावाकडचे सात पाहुणे उतरले. काकाजींनी दारातून बोटानं सगळे मोजले आणि मला बाजूला घेऊन, खोलीची बसण्याची क्षमता पाच आहे, हे शांतपणे समजावून सांगितलं. दोघं जण रात्री ओसरीवर झोपले.

पासाची गोष्ट मला काकूंनी सांगितली होती. त्यांचं माहेर नेर. दिवाळीला त्या काकाजींच्याच गाडीनं माहेरी निघायच्या. कर्मचाऱ्याच्या घरच्यांना मिळणारा पास पिशवीत असायचा. सकाळी जिच्या हातची भाकर खाऊन ड्युटीवर निघाले, तिच्यासमोर उभे राहून काकाजी तिकिटाच्या पेटीवर पंचनं टिकटिक करत ‘बाई, पास दाखवा’ म्हणायचे. चेहऱ्यावर ओळखीची रेघ नाही. ड्युटीवर नातं नाही, हा त्यांचा नियम. काकूही पदर सावरून मुकाट्यानं पास दाखवायच्या. एकदा शेजारच्या सीटवरच्या म्हातारीनं काकूंच्या कानाशी लागून विचारलं, की एवढ्या खडूस माणसाजवळ त्याची बायको कशी नांदत असेल बाई. काकूंनी नेर येईपर्यंत हसू तोंडात धरून ठेवलं. हे सांगताना त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. तेव्हा त्यांना सगळं आठवत होतं.

विसरणं मिठापासून सुरू झालं. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं, मग पडेनासं झालं. मग चुलत्यांची नावं गेली, मग नातवंडांची. आणि एका दुपारी पानावर बसलेल्या काकाजींना काकूंनी अदबीनं विचारलं, ‘तुमी कोन गावचे जी? पोटभर जेवजा.’ यवतमाळच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, गोळ्या लिहून दिल्या आणि हा आजार मागे फिरणारा नाही असं स्पष्ट सांगितलं. काकाजींनी ते ऐकून घेतलं, पण मानलं नाही. त्यांना एकच हवं होतं. काकू त्यांना नावानं कधीच हाक मारत नसत. ‘आयकलं काय’ एवढंच म्हणत. ते ‘आयकलं काय’ त्यांना पुन्हा ऐकायचं होतं.

मग त्यांनी उपचार हातात घेतला. पहिल्या आठवड्यात घरभर पाट्या लागल्या. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं, अगदी गाडीच्या कपाळावर असतात तशी. स्वयंपाकघराच्या दारावर ‘स्वयंपाकघर, मार्गे मधली खोली’. न्हाणीवर ‘न्हाणी, शेवटचा थांबा’. संडासाच्या वाटेवर नुसतं ‘विनाथांबा’. काकू पाटी वाचायच्या, मान डोलवायच्या आणि भलतीकडे जायच्या. मग काकाजींनी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत ‘नवरा’ लिहून तो सेफ्टीपिननं स्वतःच्या शर्टावर लावला. बाजाराच्या दिवशी तो काढायचा राहिला आणि काकाजी सबंध बाजार तसेच हिंडून आले. भाजीवालीनं फक्त ‘कोनाचे, काकाजी?’ एवढं विचारलं. त्यांनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं आणि तिनं चार मिरच्या जास्त टाकल्या.

इथवर ठीक होतं. पण रोज सकाळी ते काकूंची तपासणी घ्यायला लागले, आणि ती मला मुळीच आवडत नसे. आज वार कोणता, लेक कुठं दिली, माझं नाव काय. काकूंचं उत्तर चुकलं की ते बरोबर उत्तर सांगत आणि पुन्हा विचारत. पुढे पुढे त्यांच्या चपलांचा आवाज आला की काकू कणगीमागे जाऊन उभ्या राहायच्या, तिकीट नसलेला माणूस चेकर दिसल्यावर अंग चोरतो तशा. आणि संध्याकाळचं तर बघवत नसे. दिवेलागणीच्या आधी काकू बोचकं बांधून दारात यायच्या. ‘मले नेरले जायचं हाय. बाबा वाट पाहून राह्यले.’ काकाजींना खोटं बोलता येत नव्हतं. ते सांगायचे, की तुझे बाबा जाऊन वीस वर्षं झाली आणि घरही विकलं गेलं. काकूंना ते रोज नव्यानं कळायचं. रोज त्या बापासाठी पहिल्यांदाच रडायच्या आणि मग जेवत नसत. त्या जेवल्या नाहीत की काकाजीही जेवत नसत. तसे ते जन्मभर काकूंशिवाय जेवलेच नव्हते. रात्री कितीही उशिरा गाडी आली तरी दोघांची ताटं एकदमच लागत. महिन्याभरात दोघंही वाळून गेले.

तेव्हा कापसाचे दिवस वाईट होते. आमच्या जिनिंगच्या फाटकाशी लागणाऱ्या कापसाच्या बैलबंड्यांची रांग आटली होती. बाहेरगावची माणसं जिल्ह्यात येत, वह्या उघडून घरोघर विचारपूस करत आणि निघून जात. त्यातच सरकारी दवाखान्यात नागपूरची एक तरुण समुपदेशक आली. तिला खेड्यांतल्या, कर्जापायी खचलेल्या शेतकऱ्यांच्या घरांशी बोलायला नेमलं होतं. ‘डोक्याशी बोलनारी डॉक्टरीन’ आली आहे, एवढं काकाजींच्या कानावर आलं आणि त्यांनी काकूंना नेऊन रांगेत उभं केलं. मीही सोबत होतो. पोरीचं नशीब असं, की ती शिकली होती नेमकी याच आजारासाठी, आणि इथे आल्यापासून तिला ते कोणी विचारलंच नव्हतं. तिनं तासभर ऐकून घेतलं. पाट्यांचं तिनं कौतुक केलं, फक्त अक्षरांजवळ चित्रं काढा म्हणाली. काकूंच्या हातांना जे येतं ते करू द्या, चुकायच्या आधीच हळूच सुचवा, जुनी गाणी, जुन्या गोष्टी काढा, असं बरंच काही तिनं सांगितलं. शेवटी म्हणाली, ‘काका, परीक्षा मात्र बंद करा. आणि त्यांना नेरला जायचं असेल तर अडवू नका. नेरबद्दल विचारा.’

काकाजींनी ते तीन दिवसांत अमलात आणलं. पहिल्या दिवशी त्यांनी तपासणी थांबवली. दुसऱ्या दिवशी मला जिनिंगमधून टोपलंभर कापूस आणायला सांगितला. काकू ओसरीवर बसून बोटांनी सरकी काढायला लागल्या आणि त्यांची बोटं एकदाही चुकली नाहीत. गावातली जिनिंगं बंद पडत होती, आमच्या ओसरीवरचं तेवढं जोरात सुरू झालं. तिसऱ्या दिवशी काकाजी भंगारवाल्या मिस्त्रीकडून एसटीचं एक दोन माणसांचं जुनं सीट हातगाडीवर घेऊन आले.

ते ओसरीवर बसवलं. वरच्या वाशाला घंटी टांगून दोरी सोडली. लग्नपत्रिका कापून तिकिटं केली. संध्याकाळी काकू बोचकं घेऊन दारात आल्या तेव्हा काकाजी खाकी कपड्यांत उभे होते. त्यांनी काकूंना खिडकीच्या बाजूला बसवलं, तिकीट पंच करून हातात दिलं, दोनदा घंटी मारली आणि आवाज दिला, ‘दिग्रस नेर, मार्गे दारव्हा.’ मग ते एकेक थांबा सांगत गेले. जिनिंग आलं. नाल्यावरचा पूल आला. चिंचेचा फाटा आला. मधूनमधून ‘बाई, नेरले तुमच्या घरापुढं काय हाय?’ असं विचारायचे आणि काकू विहिरीचं, बोरीच्या झाडाचं, लंगड्या बैलाचं खुलून सांगायच्या. ‘दारव्हा, दहा मिनटं थांबेल’ म्हटलं की चहा आणि पोहे यायचे, आणि दोन घासांवर उठणारी बाई बशी पुसून खायची. पाऊण तासानं नेर यायचं. तोवर काकू निवलेल्या असायच्या. समोरच्या दाराकडे पाहून ‘आलं’ म्हणायच्या आणि आपल्याच घरात शिरायच्या.

बायकोशी खोटं कसं बोलवतं आता, असं मी त्यांना गमतीनं विचारलं. ते चिडले. ‘खोटं काय त्याच्यात? शीट खरी हाय, कंडक्टर खरा हाय, प्याशिंजर खरा हाय. चाकंच नाइत फक्त.’ नियमही सगळे खरे. ड्युटीवर बसायचं नाही म्हणून गुडघे दुखत असताना पाऊण तास खांबाला टेकून उभे राहायचे. मीही रोजचा प्रवासी होतो, रिकाम्या डालड्याच्या डब्यावर बसणारा. एकदा जिनिंगमधून पाच मिनिटं उशिरा आलो तर गाडी सुटली होती. दारव्हा येईपर्यंत त्यांनी मला ओसरीवर पाय ठेवू दिला नाही. मी माझ्याच भाड्याच्या घराच्या पायरीवर बसून राहिलो.

काकूंनी मात्र त्यांना ओळखलं नाही. त्यांच्या लेखी ते कंडक्टरसाहेब होते, भला माणूस, रोज वेळेवर पोचवणारा. मला वाईट वाटायचं आणि तसं मी बोललोही. काकाजी दोरीची गाठ पक्की करत होते. ‘तीस वर्षं म्या तिले गाडीत वळख देल्ली नाही,’ ते म्हणाले. ‘आता तिची पाळी हाय.’

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी ओसरीवर माझ्या डालड्याच्या डब्यावर बसलो होतो. काकाजींनी तिकीट पंच करून दिलं, तर काकूंनी हात मागे घेतलाच नाही.

‘परतीचंबी देऊन ठेवा,’ त्या म्हणाल्या.

‘बाई, येस्टीत परतीचं भेटत नाही. थितून काढा लागते.’

‘थितं गर्दी रायते, कंडक्टरसाहेब. मले आजच्या आज वापस या लागते. घरी आमचे थे एकटेच हायेत. मी नसली का जेवत नाइत थे.’

 काकाजींनी दुसरं तिकीट काढलं. पंच करायला दोनतीनदा खटका दाबावा लागला. ते काकूंच्या हातात दिलं, घंटी मारायचं विसरले, आणि काकूंच्या शेजारच्या जागेवर बसले. ड्युटीवर बसलेले काकाजी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. काकूंनी बोचकं मांडीवर घेऊन त्यांना नीट जागा करून दिली. मला तिथं बसवेना, म्हणून मी आत जाऊन चहा ठेवला.

त्या दिवसापासून गाडी परत यायला लागली. नेरला दहा मिनिटं थांबून त्याच थांब्यांवरून उलटी दिग्रसला. दिग्रस आलं की काकाजी मागच्या खोलीत जाऊन खाकी उतरवायचे आणि बनियनवर स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसायचे. काकू घाईघाईनं आत येऊन दोन ताटं घ्यायच्या. कधी त्यांना पाहुणा समजायच्या, कधी दीर. पण आठवड्यातून एखादे वेळी भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, ‘आयकलं काय, उशीर झाला जी आज गाडीले.’ आणि काकाजी म्हणायचे, की होतो कधी कधी.

काकू त्यानंतर दोन दिवाळ्या होत्या. आमचं जिनिंग बंद पडलं आणि मी अमरावतीला आलो. मागे एकदा कामासाठी दिग्रसला गेलो होतो तेव्हा काकाजींकडे डोकावलो. सीट ओसरीवरच होतं. काकाजी खूप थकले होते. मी खिडकीच्या बाजूला बसायला लागलो तर त्यांनी हातानंच मला अलीकडची जागा दाखवली. आम्ही इकडचंतिकडचं बोलत बसलो. साडेपाचच्या सुमारास ते उठून आत गेले आणि दोन कप चहा घेऊन आले. एक माझ्या हातात देत म्हणाले, ‘दारव्हा. दहा मिनटं थांबेल.’

मी तो चहा सावकाश प्यायलो.