देवरावकाकांना बॅटरीचं मशीन का नको होतं

देवरावकाका गेले त्याला आज वर्ष झालं, आणि मला अजून त्यांचा रागच येतो.

अशा दिवशी असं लिहू नये म्हणतात. पण त्यांनी आयुष्यात एकदा तरी सरळ उत्तर दिलं असतं, तर मीही सरळ लिहिलं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचं काम गार्डन मेंटेनन्सचं. नागपुरातल्या कॉलेज, ऑफिस, सोसायट्यांची लॉन आणि मैदानं आम्ही सांभाळतो. काका सावनेरकडचे, माझ्या बाबांच्या काळापासून आमच्याकडे. खांद्याला पट्टा अडकवून गवत कापायचा ब्रशकटर चालवायचे, वर्षानुवर्षं.

पेट्रोलवाला. तो सुरू झाला की शेजारच्याशी बोलणं अशक्य. सगळं हातवाऱ्यांनी चालायचं. अंगठा वर म्हणजे झालं, मूठ म्हणजे थांब.

मग हुडकेश्वरकडच्या एका कॉलेजने सांगितलं, हा आवाज बंद करा, नाहीतर आम्ही दुसरा कॉन्ट्रॅक्टर बघतो. बरोबरच होतं त्यांचं.

मी बॅटरीवर चालणारे तीन ब्रशकटर आणले. आवाज अगदी कमी, धूर नाही, दोरी ओढणं नाही, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं नाही. मला वाटलं, काका खूश होतील.

काका म्हणाले, याच्यात दम नाही. मी गाजरगवताचा अख्खा पट्टा त्यांच्यासमोर स्वतः कापून दाखवला.

मग म्हणाले, ओल्या लॉनवर करंट लागेल. दुकानवाल्याला बोलावून समजावलं. त्याच्यापुढे मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेट्रोलचंच मशीन उचललं.

मे महिन्यात बॅटरी तापलेली असली की चार्ज होत नाही, आधी गार होऊ द्यावी लागते. हे मी एकदाच बोलले. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन बघते, तर कूलरचं तोंड बॅटऱ्यांकडे आणि माणसं सगळी बाहेर घाम पुसत बसलेली.

मी काही म्हणायच्या आत काका शांतपणे म्हणाले, "तुम्हीच त म्हणलं, ताई, गरम चालत नाई."

कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे काय करणार.

फोन करून बोलावं, तर त्यांचा फोन नेहमी काकू उचलायच्या. मला वाटायचं, साहेबांना माझ्याशी बोलायचाही कंटाळा.

आणि मग कॉलेजची परीक्षा आली. सगळ्यांना बजावलं होतं, आठवडाभर पेट्रोलला हात लावायचा नाही. काकांनी नेमकं परीक्षेच्या हॉलच्या खिडकीखाली पेट्रोलचं मशीन सुरू केलं.

कॉलेजचा फोन आला. मी गाडी काढून पोचले, मशीन बंद करायला लावलं आणि सगळ्यांसमोर त्यांना नको नको ते बोलले. जमत नसेल तर घरी बसा, असंही म्हणाले. वयाने बाबांएवढ्या माणसाला.

ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मग अंगठा वर केला. दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने बॅटरीचं मशीन घेऊन कामाला लागले.

मी मनात म्हटलं, बघा, लातों के भूत.

पुढच्याच आठवड्यात मैदानाच्या कडेचं वाळलं गवत काढत होतो. तिथे टिटवीने जमिनीवर अंडी घातलेली. ती काकांच्या डोक्यावर घिरट्या घालत किंचाळत होती. टिटवीचं ओरडणं ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. काका आपले तसेच पुढे.

मी लांबून हाका मारत धावले. काका, थांबा. एकदा नाही, दहादा. बाकीचे दोघे केव्हाच मशीन बंद करून बघत होते.

अंडी हातभर अंतरावर आली तेव्हा काकांना ती दिसली आणि त्यांनी मशीन थांबवलं. मी मागून खांद्याला हात लावला, तर केवढे दचकले. वळून मला मूठ दाखवली. थांब, अंडी आहेत.

टिटवी अजून ओरडतच होती. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी त्यांच्या तोंडासमोर उभी राहून विचारलं, केव्हापासून?

"झाले चार-पाच वर्सं." मग म्हणाले, "पेट्रोलची मशीन चालू रायली का सगळेच बहिरे असते, ताई. ह्या बॅटरीनं मले एकट्यालेच बहिरं केलं."

बोला आता.

अहो, सांगायला काय झालं होतं? दम नाही, करंट लागतो, कूलर लावतो, सगळं सुचतं. एवढं एक वाक्य सुचत नाही? म्हणे, कामावरून काढलं असतं. मी काढलं असतं का? नसतं काढलं. पण "घरी बसा" कोण म्हणालं होतं, मीच ना.

डॉक्टर म्हणाले, आवाजानेच गेले कान. इतकी वर्षं कानात काय घालत होते? कापूस. गॉगल आम्ही दिला, गमबूट दिले, हेल्मेट दिलं. कानांचं ना बाबांच्या डोक्यात आलं, ना माझ्या. हा राग काही काकांवर काढता येत नाही.

कानाचं मशीन आणून दिलं. चार दिवस घातलं, पाचव्या दिवशी खिशात. विचारलं तर म्हणे, बॅटरी संपली.

त्या बोलण्याबद्दल मी त्यांची माफी मागितली होती. समोर उभी राहून, एकेक शब्द सावकाश म्हणत. ते हसले. म्हणाले, मला तर त्या दिवशी काही ऐकूच आलं नाही, काय बोलल्या होत्या तुम्ही?

मला इतकं हलकं वाटलं होतं तेव्हा.

पावसाळाभर रोज कामावर आले. थंडीत एका पहाटे झोपेतच गेले.

तेरवीला मी गेले तेव्हा काकूंना हे सगळं सांगितलं. म्हटलं, बरं झालं, निदान माझं ते बोलणं त्यांना ऐकू आलं नाही.

काकू म्हणाल्या, "आयकू नसन आलं, ताई. पण तुमचं तोंड त दिसलं ना त्याइले. त्या दिवशी जेवले नाई ते."

काका, मी माफी मागितली तेव्हाही खरं सांगितलं नाहीत.

चुकलं माझं. नमस्कार करते.