सीकमपर्यंत पोचल्याची नोंद

एम.डी. झाल्यावर पोटविकारांच्या पुढच्या शिक्षणासाठी असलेली प्रवेश परीक्षा मी दोनदा दिली. दोन्ही वेळा जागा मिळाली नाही. अशा डॉक्टरांसाठी काही मोठी खासगी रुग्णालयं एक वर्षाची फेलोशिप ठेवतात. वर्षभर एंडोस्कोपीचं, म्हणजे पोटात दुर्बीण घालून बघण्याचं काम शिकायचं आणि शेवटी प्रमाणपत्र घ्यायचं. हैदराबादच्या एका रुग्णालयात मला ती मिळाली. नल्लकुंट्याचं आमचं घर तिथून बसने पाऊण तासावर होतं, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नव्हता.

आम्ही दोघं फेलो होतो. दुसरा वरंगलचा, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तो मला अक्का म्हणायचा. दुर्बिणीच्या विभागात दोन नंबरची खोली तपासणीची होती आणि तीन नंबरची उपचारांची. पित्तनलिकेतले खडे काढणं, रक्तस्राव थांबवणं, अरुंद झालेला मार्ग मोठा करणं हे सगळं तीन नंबरमध्ये चाले. सहा महिने झाल्यावर दोघांपैकी एकालाच तिथे घेत. दुसरा उरलेलं वर्ष तपासणी करत राही. नोकरीच्या जाहिराती जे काम मागतात ते तीन नंबरच्या खोलीत शिकायला मिळत असे. मला ती जागा हवी होती. त्यालाही हवी होती. आम्ही हे एकमेकांशी कधी बोललो नाही.

निवड विभागप्रमुख करत. त्यांना सगळे सर म्हणत. लॉगबुक पाहून ते ठरवतात असा समज होता. प्रत्येक तपासणीची त्यात एक ओळ असे: किती वेळ लागला, कुणाची मदत घ्यावी लागली का, आणि कुठपर्यंत पोचलात. मोठ्या आतड्याच्या तपासणीत सीकमपर्यंत पोचलं तरच ती पूर्ण धरतात. सीकम म्हणजे मोठ्या आतड्याचं पार पलीकडचं टोक. तिथे लहान आतडं येऊन मिळतं आणि अपेंडिक्सचं तोंड दिसतं. त्या तोंडाचा फोटो हा पुरावा.

पहिले तीन आठवडे आम्ही रबरी आतड्यावर शिकलो. मग सर दुर्बीण आत नेत आणि आम्ही फक्त ती बघत बघत बाहेर काढत असू. त्यानंतर आत न्यायची परवानगी मिळाली. सर मागे उभे राहत. त्यांचा हात खांद्यावर पडला की दुर्बीण त्यांच्या हाती द्यायची आणि बाजूला व्हायचं. बोलायचं नाही. रुग्ण अर्धवट जागा असतो, त्यामुळे ‘चुकलं’ हा शब्द त्या खोलीत कुणी उच्चारत नसे.

डाव्या अंगठ्याने दुर्बिणीचं चाक फिरवावं लागतं. माझा अंगठा सुजला. घरी भाकरी थापता येईना.

“नळ्या घालून घालून हात गेला तुझा,” आई म्हणाली. “मावशी विचारत होती, हे काम डॉक्टर करतात का कंपाउंडर.”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं डॉक्टरच करतात. कुठून घालतात ते काही सांगितलं नाही.”

पाचवा महिना संपता संपता आम्हाला एकट्याने तपासणी करू देऊ लागले. सर शेजारच्या खोलीत असत. सहामाही निवड शनिवारी व्हायची होती. त्याच्या आधीच्या गुरुवारी माझ्या यादीत जामबागच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. रक्त कमी झालेलं, कारण सापडत नव्हतं. जठराची तपासणी आधी झाली होती, ती ठीक होती. म्हणून मोठं आतडं बघायचं होतं. कुशीवर वळताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“आपल्याकडची दिसतेस. आडनाव नंतर सांग. दुखतं का ते आधी सांग.”

“थोडं फुगल्यासारखं वाटेल, बाई.”

“थोडं म्हणजे किती ते डॉक्टर लोकांना कधी सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. मग इंजेक्शनचा परिणाम झाला.

माझ्याबरोबर नेहमीचा टेक्निशियन होता. पन्नाशीचा, जुन्या शहरातला, या खोलीत आमच्या सरांइतकीच वर्षं काढलेला. बाराव्या मिनिटाला पडद्यावर मार्ग संपल्यासारखा दिसला. समोर बंद पिशवीसारखी जागा आणि थोडं गढूळ पाणी होतं.

“मॅडम, पेट दबाऊँ क्या?” त्याने विचारलं. बाहेरून पोट दाबलं की दुर्बीण पुढे सरकायला मदत होते.

“नको भाई. पोचलो.”

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. मी फोटो घेतला, दुर्बीण बाहेर काढली आणि रिपोर्ट लिहिला. सीकमपर्यंत तपासणी, दोष नाही. सरांनी दोन केसच्या मध्ये उभ्याउभ्या सही केली. बाई दुपारी रिपोर्ट घेऊन घरी गेल्या.

संध्याकाळी पाच वाजता फेलोंच्या खोलीत मी लॉगबुक भरायला बसले. ओळ लिहिताना मी फोटो पुन्हा उघडून बघत असे. त्या फोटोत अपेंडिक्सचं तोंड नव्हतं. भिंतीच्या वरच्या बाजूला निळसर छटा होती. आतड्याच्या पातळ भिंतीतून यकृत असं दिसतं. आतडं यकृताखाली वळतं तिथे नवशिक्याला टोक आल्याचा भास होतो. हे पुस्तकाच्या पहिल्या काही पानांतच असतं आणि आम्ही ते रबरी आतड्यावर हसत हसत शिकलो होतो. त्या वळणाच्या पुढे वीतभर आतडं उरतं. ते मी पाहिलं नव्हतं. कारण न सापडता रक्त कमी होत असेल तर सगळ्यात आधी तोच भाग बघायचा असतो.

मी स्क्रीन वरंगलच्या फेलोकडे वळवली. त्याने खुर्ची जवळ ओढली.

“लिव्हर है, अक्का.”

“हो.”

“किसने देखा?”

“आत्ता मीच.”

त्याने दार लोटलं. “शनिवार तक रुको ना. सोमवार को बोल देना. दो-चार दिन में बाई को क्या होने वाला?”

त्याचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होतं. चार दिवसांनी बाईंना काहीच फरक पडला नसता. शिवाय मी गप्प राहण्यात त्याचं नुकसान होतं, आणि तरीही तो ते सांगत होता. मी लॉगबुक बंद केलं. ती ओळ रिकामी ठेवली.

निघताना टेक्निशियन दुर्बिणी धुवायच्या जागी भेटला. मी त्याला फोटोबद्दल सांगितलं.

“मेरे को लगा था, मॅडम.”

“मग बोलला का नाहीस?”

“पेट दबाऊँ पूछा ना. उससे ज़्यादा हम क्या बोलते? डॉक्टर आप हैं.” त्याने हातमोजे काढले. “बड़े साब को भी हम इतनाइच बोलते. वो दबवा लेते.”

शुक्रवारी सकाळी यादी सुरू होण्यापूर्वी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. फोटो टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून फोटो जवळ धरला.

“सही माझी आहे,” ते इंग्रजीत म्हणाले. “मी हा पाहिला नाही.” नंतर विचारलं, “पेशंटला सांगितलं?”

“आधी तुम्हाला विचारावं म्हटलं.”

“तू फोन कर. रिसेप्शनवरून नाही. तू स्वतः.”

ते रागावले नाहीत. शनिवारचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मी जिन्याजवळ उभी राहून फोन केला.

“रिपोर्ट तर नॉर्मल आहे,” बाई म्हणाल्या. “काल शेजारणीला पेढे दिले मी.”

“तपासणी अपुरी राहिली आहे, बाई. शेवटचा भाग बघायचा राहिला. सोमवारी परत करावी लागेल.”

“म्हणजे ते पोट साफ करायचं खारट पाणी परत?”

“हो. दोन लिटर. रविवारी.”

“रविवारी माझ्याकडे माणसं जेवायला आहेत.”

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

“बरं,” त्या म्हणाल्या. “त्यांना वाढीन आणि मी पाणी पीन.”

शनिवारी चार वाजता सरांनी आम्हाला दोघांना एकत्र बोलावलं. सोमवारपासून तीन नंबरमध्ये वरंगलचा फेलो जाईल, मी दोन नंबरमध्ये राहीन. एवढंच. दोघांची लॉगबुकं त्यांच्यासमोर होती. ती उघडलेली मी पाहिली नाहीत. गुरुवारच्या चुकीमुळे असं झालं की तसंही झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर फेलो म्हणाला, “अक्का, बोला था ना.” मी त्याचं अभिनंदन केलं. त्याने चहा पाजला. चहात साखर जास्त होती, एवढं आठवतं. घरी सांगितल्यावर आईने विचारलं, “म्हणजे काढलं तर नाही ना?” मी नाही म्हटलं. मग आम्ही जेवलो.

सोमवारी सरांनी बाईंना आपल्या यादीत, तीन नंबरमध्ये घेतलं. मला त्यांनी पोट दाबायला बोलावून घेतलं. दुर्बीण सरांच्या हातात होती. यकृताची निळसर छटा आली. सर म्हणाले, “प्रेशर.” मी बेंबीच्या वर दोन्ही तळवे ठेवून दाबलं. तळव्याखाली काहीतरी सरकल्याचं कळलं आणि पडद्यावरचं वळण उघडलं. पुढे वीतभर आतडं, मग सीकम. अपेंडिक्सचं तोंड चंद्रकोरीसारखं दिसत होतं. त्याच्या शेजारी मसुराच्या दाण्याएवढा लाल डाग होता. कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रक्तवाहिन्या त्यातून निघाल्या होत्या. असे डाग अधूनमधून झिरपत राहतात. कर्करोग नव्हता.

सरांनी आर्गॉन वायूने डाग जाळायचं ठरवलं. नळी पुढे करायचं काम वरंगलच्या फेलोला दिलं. त्याची ती पहिली वेळ होती. त्याने नळी नीट धरली. मी पोट दाबून होते, त्यामुळे मला पडदा तिरका दिसत होता. डाग पांढरा झाला.

बाईंना जाग येईपर्यंत मी त्यांच्या खाटेजवळ थांबले. माझी यादी अर्ध्या तासाने होती. त्यांनी डोळे उघडल्यावर मी त्यांना सापडलेला डाग आणि केलेला उपचार समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“हे गुरुवारी का नाही दिसलं?”

“गुरुवारी मी तिथपर्यंत पोचले नव्हते.”

“कागदावर तर पोचले असं लिहिलं होतंस.”

“मला वाटलं, पोचले.”

त्यांनी वर्गात पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. उत्तरपत्रिकेवर किती गुण द्यायचे याचा विचार चालला असावा तसं.

“आणि मग कसं कळलं?”

“संध्याकाळी फोटो परत बघितला.”

“कुणी सांगितल्यावर?”

“नाही.”

त्यांनी हाताला लावलेली सुई कधी काढणार असं विचारलं. मी सुई काढली, कापूस दाबून धरला.

“माझी चप्पल कुठे ठेवलीय बघ,” त्या म्हणाल्या.

चप्पल खाटेखाली मागे सरकली होती. मी वाकून ती काढली आणि त्यांच्या पायांशी ठेवली. दोन नंबरच्या दारातून टेक्निशियन पुढच्या रुग्णाचं नाव पुकारत होता.