उसना पाय

वर्गात मी "समजलं का?" असं विचारलं की सगळ्या माना एकदम हलायच्या. एका मुलीने त्याला 'मानलाट' असं नाव ठेवलं होतं. पहिल्या बाकावरची मान हलली की मागच्या आपोआप हलतात, त्याचा समजण्याशी काही संबंध नसतो, असं तिचं म्हणणं. ते माझ्या कानावर आलं तेव्हा मी पोट धरून हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून "कुठे अडलं?" असं विचारू लागले. त्या मुलीला सगळे चिमटी म्हणायचे. अंगाने बारीक, आणि बोलणं चिमटा काढल्यासारखं.

चिमटी आता गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. नावं ठेवायची खोड मात्र तीच आहे. लांबून कुणी हात हलवतं, आपणही हलवतो, मग कळतं की तो हात आपल्यासाठी नव्हताच. तेव्हा वर गेलेला हात आपण केसांवरून फिरवत खाली आणतो. हा 'केसनमस्कार'. पत्ता शोधताना माणसं रेडिओ बारीक करतात, जणू पाटी कानांनीच वाचायची आहे. ही 'कानदृष्टी'. हसता हसता माणूस स्वतःला ओळखतो आणि त्याची भीती जरा सैल होते. ही तिची शिकवण्याची रीत.

माझी अक्का तिच्याकडे शिकत होती. भावोजींची नजर अधू झाली आणि त्यांची गाडी दारात धूळ खात उभी राहिली. कुठे जायचं तर शेजाऱ्यांना "जरा सोडता का?" म्हणायचं, हे अक्काच्या जिवावर यायचं. पण परीक्षेत ती दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा चढावर गाडी बंद पडली.

"यंदा नाही जमलं तर गाडी विकायची," ती म्हणाली. "भावोजी तुझे काही बोलत नाहीत गं, पण रोज काच पुसतात."

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी सरावाला मागे बसले. बंद कारखान्यामागच्या मोकळ्या चढावर अक्का सफाईने गाडी नेत होती. चिमटी मात्र रस्ता सोडून अक्काचे डोळे बघत होती.

"मावशी, तुम्ही दर वेळी आधी माझ्या पायाकडे बघता."

"छे! काहीतरीच!"

"बघता. याला मी 'उसना पाय' म्हणते. माझा पाय ब्रेकवर दिसला की तुमचा पाय शहाणा होतो. परीक्षेला साहेब बसतात, त्यांच्या पायाचा भरवसा वाटत नाही, मग तुमचाही पाय गळपटतो."

अक्का काही बोलायच्या आत चिमटीने चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"अगं ए, पाय खाली ठेव!"

"नाही ठेवत."

"गाडी मागे गेली म्हणजे?"

"तुमचा पाय आहे ना. चला."

गाडी खरंच हातभर मागे सरकली. अक्का किंचाळली. चिमटीची मांडी मोडली नाही, फक्त गुडघ्यावरची बोटं घट्ट झाली. मग इंजिन घुमलं, गाडी क्षणभर थरथरली आणि चढ चढून गेली.

"बाई," चिमटी मागे न बघता म्हणाली, "तुम्ही मागे बसून ब्रेक दाबताय. चपलेचा आवाज येतोय."

"त्यालाही नाव असेलच?"

"'हवाब्रेक'. सगळ्या घरच्या माणसांना असतो."

अक्का इतकी हसली की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. पुन्हा चढ घेतला तेव्हा तिची नजर समोर होती.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या मैदानात मी आणि चिमटी कठड्यापाशी उभ्या होतो. साहेब मांडीवर फाइल घेऊन अक्काशेजारी बसले. गाडी चढाला लागली, मध्यावर थांबवायला सांगितली, थांबली. आता तिथून पुन्हा सुरू करायची होती. चिमटी शांत दिसत होती. मी खाली पाहिलं, तर तिचा उजवा पाय मातीत रुतला होता.

मी खूप शिकवलं, पण एखाद्या मुलीसाठी असा पाय रोवून आणि तो तिला दिसू न देता उभं राहायला मला किती वर्षं लागली होती, ते मला ठाऊक आहे. हिला ते इतक्या लवकर आलं. मला तिचा फार अभिमान वाटला.

गाडी वर गेली.

अक्का पास होऊन आली ती तोऱ्यातच. "चिमटे, तू मागे बस. बाईंशेजारी. घरी मी नेते. ह्यांना दारात बोलवून हॉर्न वाजवायचाय."

स्वतःच्या गाडीत चिमटी पहिल्यांदाच मागे बसली. पहिल्याच वळणावर आम्हा दोघींच्या चपला एकदम वाजल्या.

"ऐकू येतंय हं मला," अक्का पुढून म्हणाली.